अंड्याचं कवच आणि गावभरचं कॅल्शियम

यवतमाळात औषध सांगायला माणूस डॉक्टर असावा लागत नाही. तो आपल्या फाटकासमोरून जात असला की पुरे. गुडघे दुखत असतील तर निरगुडी, झोप लागत नसेल तर जायफळ, पोराचं लग्न जमत नसेल तर कळंबचा चिंतामणी. प्रत्येकाकडे प्रत्येकासाठी काहीतरी तयार असतं. माणसाच्या आजारात अडचण एकच, की रोगी मध्येच बोलतो. ‘ते करून पाहिलं, फरक नाही पडला,’ असं म्हणून सांगणाऱ्याचा उत्साह मारतो. कोंबडीचं तसं नाही. ती मान तिरपी करून एका डोळ्याने सांगणाऱ्याकडे बघते, सगळं ऐकून घेते आणि हरकत घेत नाही. त्यामुळे आमच्या कोंबड्यांची अंडी पातळ कवचाची निघू लागली, तेव्हा आर्णी रोडवरच्या आमच्या वस्तीला जोमदार विषय मिळाला. तोवर नळाला न येणाऱ्या पाण्यावरच बोलणं भागवावं लागत होतं.

आमच्या परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. चार कोंबड्या गावरान, दोन ग्रामप्रिया. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. ती आमच्याकडे आली यांच्या निवृत्तीमुळे. नोकरी सुटल्यावर यांना काहीतरी उत्पादक करायचं होतं, आणि सगळ्या उत्पादक गोष्टींत पहाटे उठून दुसऱ्याकडून उत्पादन करून घेण्याची गोष्ट यांना बरी वाटली. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, मध्ये खुडूक होऊन बसते, मनात आलं तर उठते. ग्रामप्रिया तेवढी अंडी चार-पाच महिन्यांत देऊन मोकळी होते. हे दोघींकडे कौतुकाने बघत आणि चौघींकडे, त्या आपल्या हाताखाली असत्या तर काय केलं असतं, अशा नजरेने.

अंड्यांचा हिशेब सासूबाईंकडे. त्या माळकरी. अंड्याला हात लावतात, तोंड लावत नाहीत. पण कोणत्या कोंबडीने कोणत्या दिवशी अंडं दिलं, ते कुणाच्या घरी गेलं आणि कुणाकडून पैसे यायचे आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पंढरीची वारी आणि अंड्यांची उधारी, दोन्हींत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

एप्रिल लागला आणि तांबडीने, म्हणजे दोन ग्रामप्रियांपैकी थोरलीने, कवचच नसलेलं अंडं दिलं. कुटारात पडलेलं ते उचललं तर गरम आणि मऊ. आकार अंड्याचाच, पण तळहातावर ठेवताच बसकं झालं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा, बोट काढलं की तो सावकाश भरून यायचा. उजेडाकडे धरलं तर आतला बलक इकडून तिकडे सरकताना दिसे. पाचवीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं फळ्यावर अंड्याची आकृती काढून दाखवत आले. तीच आकृती, बाहेरची रेघ तेवढी पुसून, कुणी माझ्या हातात आणून दिली होती.

त्यानंतर कवचाची अंडी आली, पण कशी? एका टोकाला खरखरीत, मधे इतकी पातळ, की सासूबाई मोजायला उचलायच्या आणि अंगठा आत जायचा. हिशेबात तूट येऊ लागली.

“कोनाची तरी नजर लागली वं,” त्या म्हणाल्या. आणि ती कुणाची असावी याचाही त्यांना अंदाज होता, कारण त्या घराकडे दोन डझनांचे पैसे बाकी होते. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरातली सगळी माणसं खोकून बेजार झाली. कोंबड्या खोकल्या नाहीत, त्यावरून दृष्ट खरी होती हे सिद्ध झालं.

दुसरा वैद्य पानठेल्यावर भेटला. आमच्याकडे पानठेल्यावर पान दुय्यम आणि खर्रा मुख्य. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटत घोटत जगातला कोणताही प्रश्न सोडवता येतो, अशी विदर्भाची धारणा आहे. घोटणाऱ्याने हात न थांबवता निदान केलं. “साहेब, आंडं म्हनजे काय? वरून चुनाच त हाय. चुना द्या न तिले.” आणि बोटभर चुन्याची डबी फुकट दिली.

डबी बघून सासूबाई म्हणाल्या, “आता कोंबड्यायले पान लावून देता काय रे? सुपारी कातरून देऊ का?”

तरी त्या माणसाचं रसायनशास्त्र अर्धंअधिक बरोबर होतं. अंड्याचं कवच ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच. आणि आपला जिल्हा चुनखडीचा धनी. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा आहे, तो याच दगडावर. पण भट्टीत भाजला की दगडातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की विरी जाते आणि जो पांढरा लगदा होतो तो जिभेला पोळतो. खर्रा खाणाऱ्याच्या गालाला ते रोजचं असलं, तरी कोंबडीच्या घशाचा तो विषय नाही. डबी मी काढून घेतली.

मौज पुढेच आहे. हाच चुना भिंतीला लावला की वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत बसतो आणि पुन्हा दगड होतो. आमच्या घरामागची एक भिंत अजून जुन्या चुन्याच्या सफेदीची आहे. तिचे पोपडे कोंबड्या टोचून टोचून खात. हे त्यांना हाकलायला काठी घेऊन बसत, कारण भिंत विद्रूप होत होती. कोंबड्या औषध घेत होत्या आणि आम्ही त्यांना औषधापासून वाचवत होतो. (भिंत ऑइलपेंटची असेल तर मात्र काठी घेऊनच बसावं. जुन्या रंगांत शिसं असतं.)

तिसरा उपाय बाटलीतून आला. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून यांनी कॅल्शियमचं टॉनिक आणलं. बाटलीवर एक म्हैस होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान, की कॅल्शियमचं राहू द्या, तिला पेन्शनही सुरू झाली असावी. मागे मात्रा छापलेली: म्हशीला इतकी, कालवडीला इतकी, आणि शेवटच्या ओळीत ‘कोंबड्या, प्रति शंभर पक्षी’. आता आमच्या सहा. हे कागद-पेन घेऊन बसले. शंभर पक्ष्यांना अमुक मिलिलिटर तर सहा पक्ष्यांना किती? मी त्रैराशिक शिकवते म्हणून मला हाक. उत्तर थेंबांत आलं. पण मग तांबडी पाण्याच्या भांड्यावर जास्त वेळ उभी राहते आणि कबरी नुसती चोच ओली करते, म्हणून थेंब सारखे वाटले जात नाहीत, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न निघाला. शेवटी ते पाणी कोंबड्याने प्यायलं. कोंबड्याला अंडं घालायचं नसतं, पण भांड्यावर पहिला हक्क त्याचा, आणि या बाबतीत आमच्या परसात अजून सुधारणा पोचलेली नाही.

पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, “बाबा, शिंपल्यांचा चुरा मागवा. ऑनलाइन मिळतो.” यवतमाळहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच. तिथला शिंपला कुणीतरी गोळा करायचा, दळायचा, पाकिटात घालायचा आणि मुकुटबनच्या दगडावरून गाडीत घालून आमच्या दारात आणायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा समुद्रापर्यंतचा होता. यांनी ऑर्डर दिली.

चौथ्या प्रयोगाने आमची अब्रू चव्हाट्यावर आणली. कवचाला लागणारं सगळं कवचातच असतं, म्हणून अंड्यांची टरफलं कुटून कोंबड्यांनाच घालावीत, हा सल्ला जगभर दिला जातो आणि तो चुकीचाही नाही. पण घरातल्या टरफलांनी भागेना. हे संध्याकाळी फिरायला जाताना पिशवी नेऊ लागले आणि ऑम्लेटच्या गाडीवरून टरफलं गोळा करून आणू लागले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस ऑम्लेट खात नाही, नुसती टरफलं मागतो, ही बातमी माझ्या शाळेत माझ्या आधी पोचली. “मॅडम, सगळं ठीक आहे न घरी?” मुख्याध्यापिकांनी दार लोटून घेऊन विचारलं.

बाहेरची टरफलं तशीच घालता येत नाहीत. दुसऱ्या कोंबड्यांचे रोग सोबत येतात. ती चांगली उकळून, वाळवून, भाजावी लागतात. आतला पापुद्रा तव्यावर करपू लागला की जो वास सुटतो, त्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते, की बाकी असलेल्या दोन डझनांचे पैसे त्याच आठवड्यात घरपोच आले आणि आणणारी बाई फाटकातूनच परत गेली. भाजलेली टरफलं खलबत्त्यात बारीक कुटायची, इतकी की कोंबडीला ती कशाची ते ओळखू येऊ नये. अर्ध्या टरफलाची ओळख पटली तर तिला स्वतःचं अंडं फोडून खायची सवय लागते, अशी जुन्या बायकांची भीती. खरं तर सवय बहुधा पातळ अंडी आपोआप फुटतात तिथूनच लागते. आतला ऐवज एकदा चाखला की कोंबडीला हिशेबाशी देणंघेणं उरत नाही. सासूबाईंना ही शक्यता सांगताच त्या खलबत्त्यापाशी स्वतः बसल्या.

खलबत्ता चालू असतानाच यांच्या डोक्यात सासूबाईंच्या गोळ्या आल्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी रोज एक कॅल्शियमची गोळी लिहून दिलेली. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम. यांनी मांडलेलं गणित असं: रोजच्या रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे कोंबडीमागे आठ गोळ्या. मोठ्या माणसाला खाणंपिणं सगळं धरून दिवसाला साधारण १ ग्रॅम पुरतं. म्हणजे पावणेदोन किलोच्या तांबडीची भूक आईंच्या चौपट.

“ते पाहून घे,” सासूबाई म्हणाल्या, “पन माह्या डबीले हात लावशीन त याद राख.”

चौपट का, तेही समजून घेण्यासारखं आहे. एका कवचाचं वजन पाच-सहा ग्रॅम, त्यात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या वर. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून आत जायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. पोल्ट्रीतली व्यावसायिक कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. नुसत्या कवचांची बेरीज केली तर ती वर्षभरात स्वतःच्या वजनाइतका दगड बाहेर टाकते. आमची तांबडी तितकी कर्तबगार नसली तरी किलोभर चुनखडी तिच्याही नावावर जमा होते. खाण्यातून मिळालं नाही, तर ती ते हाडांतून काढते. अंडी सुरू होण्याच्या सुमाराला कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास जाळीदार हाड तयार होतं. ती तिची तिजोरी. रात्री पोटात काही उरलं नाही, की ती तिजोरी उघडते. रोज उघडू लागली, की तिजोरी संपून भिंतीच काढायला लागतात, आणि एक दिवस पाय चालेनासे होतात.

मी हे वाचून दाखवत होते. सासूबाईंचा खलबत्त्यातला हात थांबला. “बाईचं दुसरं काय असते?” त्या म्हणाल्या. “पाच लेकरं झाली माह्याले. कोनी इचारलं का, कुठून काढून देल्लं म्हनून?” आणि पुन्हा कुटायला लागल्या, आधीपेक्षा जोरात. यांनी त्यांच्या डबीवरचा डोळा तेव्हाच काढला.

खरा वैद्य मे महिन्यात आला. शेजाऱ्यांची गाय तपासायला पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले होते; त्यांना यांनी फाटकातूनच आत ओढलं. आतापर्यंतचे सगळे उपाय ऐकून घेताना त्यांनी चेहरा सरळ ठेवला, यावरून ते किती वर्षं सरकारी नोकरीत होते हे कळलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता.

“खायला काय घालता?”

“ज्वारी. शिळा भात, पोळी. चांगली घरची ज्वारी आहे, राळेगावच्या शेतातली.”

“सर, १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५-३० मिलिग्रॅम. कोंबडी दिवसाला खाते शंभर-सव्वाशे ग्रॅम. तिला पाहिजे चार हजार मिलिग्रॅम. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात.”

हे हिशेबाचे माणूस गप्प झाले. चार हजारांच्या मागणीवर तीस मंजूर करणारी बँक त्यांनीही पाहिली नव्हती. गावरान कोंबड्यांचं कसं भागतं, तर त्या मुळात अंडीच बेताची देतात आणि खुडूक बसल्या की महिना-महिना दुकान बंद. त्या काळात तिजोरी भरते. ग्रामप्रियेला सुट्टी घ्यायचं शिकवलेलंच नाही. ज्यांना सुट्टी नाही त्यांना भत्ता द्यावा लागतो. तिच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के हवं.

“अन् दुसरं हे,” डॉक्टरांनी वर बोट केलं. वर काही नव्हतं. नुसतं ऊन होतं, पंचेचाळीस अंशांचं. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. कोंबडीला घाम येत नाही, ती धापांनी अंग निववते. पण धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो, आणि कवचाचा अर्धा माल त्याच्यापासूनच तयार होतो. कॅल्शियम आहे, कार्बोनेट नाही. त्यात उन्हाने खाणं कमी झालेलं. म्हणून वैशाखात चांगल्या खुराकावरच्या कोंबड्यांचीही कवचं पातळ होतात. यावर १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं होतं आणि कवचं सुधारली होती.

ही माहिती यांच्यासमोर द्यायला नको होती. हे गोळीसोड्याच्या गाडीकडे निघालेच होते. डॉक्टरांनी थांबवलं. “नको सर. सावली करा, बारदाना ओला करून टांगा, पाणी थंड ठेवा, दिवसातून दोनदा बदला. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर. एवढ्याने होतं.” दुपारनंतर आमच्या कूलरची पाठ खुराड्याकडे होती की खुराड्याचं तोंड कूलरकडे, यावर मतभेद आहेत, पण हॉलमध्ये माणसं घामाघूम आणि मागे टपकणाऱ्या वाळ्याच्या ताटीखाली कोंबड्या पाय पसरून, हे दृश्य सगळ्या वस्तीने पाहिलं.

मग कॅल्शियमचं. “पावडर नको,” डॉक्टर म्हणाले. “निदान नुसती पावडर नको. ती तासा-दोन तासांत निघून जाते. अंडं तयार व्हायला लागतात चोवीस ते सव्वीस तास, त्यातले वीसेक तास कवच चढवण्यात जातात, तेही बहुतेक रात्री. रात्री कोंबडी झोपलेली. म्हणून जाड कण द्यायचे, गव्हाच्या दाण्याएवढे. ते पेषणीत पडून राहतात, रात्रभर झिजत राहतात. आणि संध्याकाळी द्यायचे. खाद्यात कालवून नाही. वेगळ्या भांड्यात.”

“प्रत्येकीला किती?” यांनी पेन काढलं.

“मोजायचं नाही सर. जिला अंडं घालायचं ती खाईल. कोंबडा खाणार नाही, खुडूक कोंबडी फारसं खाणार नाही. पिल्लांना मात्र यातलं खाद्यात घालू नका, त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. कोंबडीला कॅल्शियमची वेगळी भूक असते. दिवस कलला की ती लागते. तिला तिचं कळतं.”

बँकेच्या इतिहासात कर्जदाराला तिजोरीसमोर बसवून ‘लागेल तेवढं घे’ असं कधी कुणी म्हटलं नसेल. हे खूप वेळ पेन हातात धरून उभे होते.

शिंपल्यांचं पाकीट अजून वाटेत होतं, म्हणून हे रस्त्याच्या कडेची बारीक गिट्टी घेऊन आले. काळी. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. त्याने पेषणीत दाणे दळले जातील, कवच होणार नाही. दगड कोणता ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यावर लिंबू पिळायचं. काळ्या गिट्टीवर रस नुसता ओघळला. भिंतीच्या पोपड्यावर थेंब पडताच बारीक बुडबुडे उठले आणि कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू आली. घरात मग लिंबांचा तुटवडा झाला. फरशी, उंबरठा, देवघरातला शंख, सगळ्यांची परीक्षा झाली. शंख फसफसला, आणि सासूबाईंनी लिंबू आणि चिरंजीव दोघांनाही देवघराबाहेर काढलं.

तोडगा राळेगावहून आला. दीर कामासाठी आले होते. परसातला लिंबूप्रकार बघून म्हणाले, “वहिनी, हे कायले पायजे? आपल्या खालच्या वावरात चुनखडी वर आलेली आहे. नांगरटीले खडेच खडे. जमीन वाया गेली म्हनून बाबा जन्मभर रडले. पोतंभर पाठवू का?” काळ्या कपाशीच्या जमिनीत खाली चुना साचतो, त्याचे बोराएवढे पांढुरके खडे होतात, शेतकऱ्याला ते डोकेदुखी. जुन्या काळी गावात कोंबड्या दिवसभर त्याच वावरातून हिंडत, हवे ते खडे टिपत, गोगलगायी खात, संध्याकाळी डाल्याखाली येत. त्यांच्या अंड्यांना कुणी टॉनिक दिलं नाही. कोंबड्यांना आम्ही फरशीच्या आवारात आणलं, वावर बाहेर ठेवलं, आणि वावरातलं तेवढं बाटलीतून विकत घेऊ लागलो. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, शुद्ध नसतं, पण चालेल. त्यात पोल्ट्रीच्या दुकानातला चुनखडीचा ग्रिट मिसळा, म्हणजे काळजी नाही, आणि दाण्याच्या जोडीला थोडं लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, सुरू करा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे परसात बसलो होतो. भांड्यात कुटलेले पांढरे खडे. कोंबडा आधी आला, त्याचा हक्कच. एक खडा उचलला, टाकून दिला, आणि उरलेल्यांकडे तुच्छतेने बघून निघून गेला. खुडूक बसलेली काळी डोकावली, दोन टोचे मारून परतली. मग तांबडी आली. निवडून, तिरपी मान करून, एकेक खडा, कितीतरी वेळ. नंतर चोच जमिनीला दोन्ही बाजूंनी पुसली आणि खुराड्यात गेली. कुणी मोजलं नाही, कुणी पाजलं नाही, त्रैराशिक झालं नाही.

कवचं सुधारली. लगेच नाही, आधी रिकामी झालेली तिजोरी भरली असणार. पावसाळ्याच्या तोंडाला सासूबाईंनी अंडं उचलून पाटावर टकटक वाजवून पाहिलं आणि भाव वाढवला.

शिंपल्यांचं पाकीट आलं तेव्हा त्याचं काम उरलं नव्हतं. पण त्यावरचं बारीक इंग्रजी वाचता वाचता हे थबकले, उठले, आणि सासूबाईंच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. दोन्हींवर एकच शब्द: ऑयस्टर.

“आई,” हे फार हळू म्हणाले, “तुझ्या गोळ्या शिंपल्याच्या आहेत.”

“म्हंजे?”

“समुद्रातला. जिवंत प्राणी असतो आत.”

त्यानंतर घरात जे झालं ते सांगत नाही. माळ घातल्यापासून अंड्याला तोंडही न लावलेल्या बाईला आम्ही दोन वर्षं रोज रात्री जेवण झाल्यावर समुद्राचा जीव दुधाबरोबर दिला होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्यांच्या डॉक्टरांनी हसू दाबून दुसऱ्या लिहून दिल्या, खनिजापासून केलेल्या.

“ह्या कशाच्या?” त्यांनी आधी विचारलं.

“दगडाच्या,” मी म्हटलं.

“दगडाच्या चालते,” त्या म्हणाल्या. “दगडालेच त आपन देव म्हनतो.”

पण त्या दिवसापासून गोळी हातात दिलेली त्यांना चालत नाही. संध्याकाळी परसातल्या पायरीवर, कोंबड्यांच्या भांड्याशेजारी, त्या एक वाटी ठेवायला लावतात. गोळी तीत. “कोंबडीले तुम्ही तिच्या मनानं खाऊ देता. मले काहून कोंबता? वाटलं त खाईन.” काही दिवशी वाटतं, काही दिवशी वाटत नाही.

माणसालाही अशी भूक असते का, हे मी गाय पुन्हा तपासायला आलेल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पायरीवरच्या दोन्ही भांड्यांकडे बघितलं, मग दारात उभ्या सासूबाईंकडे.

“मॅडम,” ते म्हणाले, “कोंबडीची लेखी खात्री देतो. पुढचं आमच्या विभागात येत नाही.”